काठाबाहेरचं बटण

गेली अठरा वर्षं मी मोबाइलच्या पडद्यावर वस्तू मांडतो आहे. बटण कुठे बसेल, त्याखाली किती मोकळी जागा सुटेल, नाव लांब असलं तर ते खालच्या ओळीत वळेल की कापलं जाईल, हे ठरवायचं आणि तसा प्रोग्रॅम लिहायचा. गावातले लोक मला सॉफ्टवेअरवाला म्हणतात आणि कुणाचा लॅपटॉप बिघडला की माझ्याकडे आणतात. मला लॅपटॉप दुरुस्त करता येत नाही हे सांगून सांगून मी थकलो. आता मी तो बंद करून पुन्हा चालू करतो, आणि निम्मे त्यातच सुधारतात.

पुण्यातली नोकरी सोडून घरी आलो त्याला आठ वर्षं झाली. वडील साखर कारखान्यात होते, म्हणून आमचं घर शहाद्याजवळ, पुरुषोत्तमनगरच्या अंगाला. गळीत हंगामात कारखान्याची काजळी उडत येते आणि लॅपटॉपच्या कळांमध्ये जाऊन बसते. काम पुण्याचंच, फक्त खुर्ची इथली. मान दुखते, डोळे सकाळी दहालाच जड होतात. दुपारी आई दारात उभी राहते.

"दिनभर त्या डबडामा काय देखी ऱ्हायना रे? डोया फुटी जातीन."

तिला काय सांगणार? एक बटण चार ठिपके वर सरकवायला माझे दोन तास गेलेत हे सांगायची मला लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका संस्थेचं काम आलं. सातपुड्यातल्या पाड्यांवर त्यांच्या आरोग्यताई होत्या. पाड्यातलीच एखादी शिकलेली बाई नेमायची. तिने गरोदर बायकांना भेटायचं, वजन, सूज, रक्तदाब बघायचा आणि लिहून ठेवायचं. आधी हे वहीत चालायचं. संस्थेला वह्या बंद करून ते मोबाइलवर आणायचं होतं. भेटीची माहिती भरली की शेवटी तीन खुणांपैकी एक करायची: हिरवी म्हणजे ठीक, पिवळी म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे धोका. लाल खूण करून माहिती जतन केली की फोनला रेंज मिळताच संदेश अक्कलकुव्याला जाणार आणि तिथे उभी असलेली संस्थेची गाडी पाड्याकडे निघणार. कल्पना चांगली होती. जिल्हा माझाच, म्हणून मी दरही कमी लावला आणि तेवढ्यापुरता स्वतःवर खूशही झालो.

पुण्यात बसलेल्या चित्रकार पोरीला त्या तीन खुणा अर्धगोलात हव्या होत्या. अंगठा जसा फिरतो तशा. दिसायला छान होतं. पण तयार चौकटींमध्ये वस्तू एकाखाली एक बसतात किंवा शेजारी शेजारी. अर्धगोल त्यांना जमत नाही. अशा वेळी आपली मांडणी आपणच लिहावी लागते. त्याची रीत पंगतीत पाट मांडण्यासारखी आहे. आधी प्रत्येक वस्तूला विचारायचं, तुला किती रुंद, किती उंच जागा लागेल? ती सांगते. मग आपल्याकडे एकूण जागा किती आहे ते बघायचं. आणि मग प्रत्येकीला जागा दाखवायची, तू इथे, तू तिथे. तयार चौकटीत हे सगळं आपोआप होतं. स्वतः मांडायला घेतलं की विचारायची जबाबदारी आपल्यावर येते.

मी तिन्ही खुणांना उंची विचारली. त्यांच्या खाली 'जतन करा' हे बटण ठेवलं. पडद्याची उंची किती उरली आहे, हे मात्र मी विचारलं नाही. माझ्या फोनवर सगळं बसत होतं. संध्याकाळी पाचला काम द्यायचं होतं आणि माझी मान अखडली होती. एवढंच कारण. एखादं मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

यातली गोम अशी की काठाबाहेर मांडलेली वस्तू तक्रार करत नाही. ती असते, चालू असते, फक्त दिसत नाही. प्रोग्रॅम अडखळत नाही, लाल अक्षरात काही उमटत नाही.

गेल्या वर्षी होळीला तीनेक आठवडे असताना संस्थेने अक्कलकुव्याला सगळ्या ताईंची बैठक ठेवली आणि मलाही बोलावलं. कोणाच्या नोंदी किती हे पडद्यावर दाखवत होते. चौघींच्या नावापुढे शून्य होतं. चार महिने, शून्य. पुण्याहून आलेला व्यवस्थापक माझ्या कानाशी लागून म्हणाला, "बटणच दाबत नाहीत रे. विचारलं तर म्हणतात फोन खराब. नाचता येईना अंगण वाकडं. या चौघी बदलाव्या लागतील." मी मान डोलावली. त्या वेळी मलाही तसंच वाटत होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्या चौघींपैकी एक ताई माझ्याकडे आल्या. पस्तिशीच्या असतील. घरी भिली बोली, त्यामुळे मराठी शाळेतलं, शब्द मोजून ठेवलेलं.

"सर, हे तुम्ही बनवलं?"

"हो."

"मग तुम्हाला दिसेल. माझं लिहिलेलं यात आहे का, ते बघा. मला कामाचं काही नाही. ठेवतील, नाही ठेवतील. पण माझं लिहिलेलं आहे का, ते सांगा."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या पाड्यात एक बाई होती, पहिलटकरीण. पाय सुजलेले, डोकं दुखत होतं. ताईंनी सगळं भरलं, लाल खूण केली. घरच्यांना सांगितलं, मी गाडी बोलावली आहे, येईल. मग शिकवलं होतं त्याप्रमाणे रेंजसाठी टेकडीवर गेल्या आणि फोन हातात धरून उभ्या राहिल्या. तिथे बोलणं तुटतं, पण संदेश जातो. गाडी येईल म्हणून घरचे दुपारपर्यंत थांबले. गाडी आली नाही. मग बांबूला झोळी बांधून चार जणांनी तिला खाली सडकेपर्यंत आणलं. बाई वाचली. मूल गेलं.

"आता पाड्यात म्हणतात, हिने बोलावलंच नाही, खोटं बोलली. तिच्या सासूने मला ओट्यावर येऊ दिलं नाही. दुसऱ्या घरीही दार लावतात. मी केलेली लाल खूण तुम्ही त्यांना दाखवा. एवढंच पाहिजे."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. जाड काळ्या कडांची काच लावलेला, जवळच्या खापर गावच्या बाजारात घेतलेला फोन. मी भेटीची एक रिकामी नोंद उघडली. अक्षरं ही एवढी मोठी. 'लक्ष ठेवा' दोन ओळींत मोडलेलं, तिन्ही खुणा फुगलेल्या, पडदा खालपर्यंत भरून गेलेला. आणि त्याखाली काही नव्हतं.

"खाली एक बटण असतं," मी म्हणालो. "शिकवताना दाखवलं होतं ना?"

"दाखवलं होतं. माझ्या फोनमध्ये ते नव्हतं. मला वाटलं, साहेबांच्या फोनला ते लागतं, आमच्या फोनला लागत नसेल."

"विचारलं नाहीत?"

"विचारलं तर म्हणतील, हिला कळत नाही. आणि सर, लिहिलं होतं ना मी. लिहिलेलं कुठे जाईल?"

वहीत लिहिलं की लिहिलं. वहीला कुणी वर आणखी 'आता ठेव' असं सांगत नाही. जतन करायचं बटण ही आमच्या धंद्यातल्या लोकांची सोय आहे आणि जगाने ती जन्मजात शिकून यावी अशी आमची अपेक्षा असते. हे मला तिथे, पत्रावळ हातात धरून, पहिल्यांदा कळलं. अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ते मीच सारवलं होतं.

आता माणसाने काय करावं? म्हणावं, ताई, ही चूक माझी आहे. व्यवस्थापक दहा पावलांवर ताक पीत होता. मी म्हणालो, "बघतो मी. घरी जाऊन तपासावं लागेल. कळवतो."

त्या "हो सर" म्हणाल्या आणि फोन पदरात गुंडाळून निघून गेल्या.

परत यायच्या ऐवजी मी उलट्या दिशेला खापरला गेलो. अजून आशा होती की फोनच खराब निघेल. दुकानदार आपल्या काउंटरमागे एका नव्या फोनवर काच चिकटवत होता. मी विचारलं, तुम्ही फोन देताना त्यात काही बदलता का? त्याने अभिमानाने सांगितलं.

"अक्षर मोठं करी देस ना भाऊ. सगळ्यासले. नही तं गिऱ्हाईक दुसरे दिन परत येस, दिखत नही म्हने."

इतकी साधी गोष्ट. त्याने गिऱ्हाइकाला विचारलं होतं, तुला काय दिसतं, काय दिसत नाही. मी विचारलं नव्हतं. ज्या ताईंना संस्थेने फोन दिले त्यांच्या नोंदी नीट होत्या. फोन कमी पडले म्हणून ज्या चौघी स्वतःचा वापरत होत्या, त्या चौघींचा बाजार खापरचा.

घरी येऊन मी माझ्या फोनवर अक्षरं सर्वात मोठी केली. बटण खाली सरकलं आणि गेलं. मी ती लहान केली, बटण आलं. पुन्हा मोठी केली. असं मी किती वेळा केलं कोण जाणे.

दुरुस्ती अकरा मिनिटांची होती. आधी बटणाला पडद्याच्या तळाशी जागा द्यायची, उरलेल्या उंचीत खुणा बसवायच्या, नाहीच बसल्या तर अर्धगोल मोडून एकाखाली एक ठेवायच्या आणि बोटाने वर सरकवू द्यायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी आवृत्ती पाठवली. प्रत्येक आवृत्तीबरोबर एक ओळ लिहावी लागते, काय बदललं त्याची. मी लिहिलं: किरकोळ सुधारणा.

ते दोन शब्द मी लिहिले. कुणी लिहायला लावले नाहीत.

मग मी काहीच केलं नाही. करायचं ठरवत राहिलो. संस्थेला सविस्तर पत्र लिहायचं होतं, पण आधी दुसऱ्या एका कामाची मुदत होती. मग आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन. मग मी आजारी, साधा ताप. खरं कारण कोणतंच नव्हतं. मी भित्रा आहे असंही नाही. भित्र्या माणसाला निदान भीती वाटते. मला थकवा वाटत होता. सगळ्याचाच. त्या कामाचा, त्या अर्धगोलाचा, कोणाला तरी काहीतरी समजावून सांगण्याचा. पत्र उघडायचं, 'महोदय' लिहायचं आणि बंद करायचं. ताईंचे दोन फोन आले. पहिला उचलला नाही. दुसरा उचलला आणि "चालू आहे तपास" म्हणालो. माझ्या तोंडून तो शब्द सरकारी माणसासारखा सहज आला.

होळी आली. आमच्याकडे गल्लीच्या तोंडाशी पेटवतात, नारळ टाकतात, घरी येऊन पुरणपोळी खातात आणि झोपतात. वर डोंगरात होळी म्हणजे वर्षाचा सण. माणूस कुठेही कामाला गेलेलं असो, होळीला घरी येतं. शहाद्याच्या बाजारात दोन दिवस नुसती गर्दी होती. डोंगराकडे जाणाऱ्या जीपच्या टपावरही माणसं. मी एका जीपकडे बघत उभा राहिलो आणि माझ्या मनात आलं, हिच्यात बसावं. आणि भाजी घेऊन घरी आलो.

शेवटी आईनेच विचारलं, तुला झालंय काय. एका डोळ्यावर अजून हिरवी पट्टी होती तिच्या आणि दुसऱ्याने धूसर दिसायचं, त्यामुळे तिला माझं तोंड दिसत नव्हतं, आणि त्यामुळेच मला सांगता आलं. सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग सांगी टाक ना. पोटमा ठेईसनी काय फायदा शे?"

त्या दुपारी पत्र लिहिलं. चूक माझ्या मांडणीतली आहे, चौघींनी काम केलं आहे, नोंदी गेल्या त्याला त्या जबाबदार नाहीत. व्यवस्थापकाचा फोन आला. तो ओरडेल असं वाटलं होतं. तोही थकलेलाच होता. "आता सांगतोस?" एवढंच म्हणाला. पुढचं काम मला मिळणार नाही हे दोघांनाही कळलं. आठवड्याने संस्थेने चौघींना कायम ठेवल्याचं पत्र काढलं. त्यात माझ्या चुकीचं नाव होतं 'तांत्रिक त्रुटी'.

ते पत्र मी स्वतः घेऊन गेलो. पोस्टाने गेलं असतं, पण एवढं तरी करावं असं वाटलं. आधी फोन केला होता, अक्कलकुव्याच्या स्टँडवर ताई उभ्या होत्या. त्यांनी पत्र पूर्ण वाचलं, हळूहळू, ओठ हलवत. घडी घातली आणि मला परत दिलं.

"हे मराठीत आहे, सर. पाड्यात कोण वाचणार? आणि मी वाचून दाखवलं तर म्हणतील, हिनेच लिहून आणलं. तुम्ही चला."

मी घड्याळ बघितलं. परतीची गाडी, आईचे थेंब, उद्याचं काम, सगळं तोंडात येत होतं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. वर जाणारी जीप भरत होती तिकडे बघत होत्या. मी जीपमध्ये बसलो.

सडक संपल्यावर तासभर चाल होती. माझ्यासारख्या खुर्चीतल्या माणसाचा तो दीड तास झाला. ताई पुढे जायच्या, थांबायच्या, मी धापा टाकत पोचलो की पुन्हा निघायच्या. एका ठिकाणी मी दगडावर बसलो तेव्हा त्यांनी समोरची टेकडी दाखवली. "तिथे उभी होते मी, फोन घेऊन." मग थोड्या वेळाने, मी काही विचारलं नसताना, म्हणाल्या, "यंदा होळीला मला कोणी बोलावलं नाही. मी घरीच होते. ढोल घरापर्यंत ऐकू येतो."

मी पाणी प्यायलो. त्यांनी बाटली परत घेतली आणि आम्ही चालू लागलो.

त्या बाईचं घर पाड्याच्या कडेला होतं. अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली. नवरा खाटेवर, सासू उंबऱ्यात, आणि ती स्वतः फुलांतला कचरा निवडत खाली बसलेली. अठरा-एकोणीस वर्षांची पोर. ताई कुंपणाशीच थांबल्या. आत या असं कुणी म्हणालं नाही. मला मात्र खाट दिली. शर्ट-पँटवाल्याला सगळीकडे खाट मिळते.

मी बोललो. फोनवरची अक्षरं, खुणा, त्याखालचं बटण. माझा फोन काढून अक्षरं मोठी-लहान करून दाखवली. जुनी आवृत्ती मुद्दाम फोनमध्ये टाकून नेली होती. बटण जातं, येतं. "ताईंनी लाल खूण केली होती. गाडी बोलावली होती. मी बटण चुकीच्या जागी ठेवलं, म्हणून निरोप पोचला नाही. त्यांचं काही चुकलं नाही. माझं चुकलं." ताई कुंपणापलीकडून एकेक वाक्य त्यांच्या बोलीत सांगत होत्या. त्यातले 'मोबाइल' आणि 'खापर' एवढेच शब्द मला कळत होते. स्वतःच्या बाजूची साक्ष स्वतःच भाषांतर करायची वेळ त्यांच्यावर आली होती, आणि आवाज जरासुद्धा वर गेला नाही.

नवऱ्याने माझा फोन हातात घेतला. बटण जिथे गेलं होतं तिथे, काचेच्या काठाखाली, बोट लावून बघितलं. परत दिला. सासू ताईंना काहीतरी म्हणाली, दोन शब्द. ताईंनी कुंपणाचं काटेरी फाटक बाजूला केलं आणि अंगणात आल्या. मला वाटलं, झालं. खरं सांगतो, मला हलकं वाटलं, आणि लगेच पुढे परतीच्या जीपचा विचार सुरू झाला.

तेव्हा ती मुलगी बोलली. हात फुलांतच होते. माझ्याकडे बघून तिने काहीतरी विचारलं.

"ती विचारते," ताई म्हणाल्या, "हे तुम्हाला कधी समजलं?"

खोटं बोलता आलं असतं. परवा म्हणता आलं असतं. भाषा माझ्या बाजूने होती.

"होळीच्या आधी," मी म्हणालो.

ताईंनी ते तिला सांगितलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"किती आधी?"

हा प्रश्न त्या मुलीचा नव्हता.

"तुम्ही अक्कलकुव्यात मला फोन दाखवलात, त्याच दिवशी."

ताईंनी पदर सारखा केला. मग त्या तिच्याकडे वळल्या आणि मी जे म्हणालो होतो ते, 'होळी' आणि 'अक्कलकुवा' मलाही कळावेत इतकं सावकाश, तिला सांगितलं.